मागच्या बाकावरचे मूल

(सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





सुवर्णमहोत्सव हा कोणत्याही संस्थेच्या जीवनातील कृतार्थतेचा क्षण असतो, तसाच तो आत्मपरीक्षणाचाही असतो. पन्नास वर्षांत काय घडले याचा हिशेब मांडताना कोण आपल्या दृष्टीआड राहिले, हेही पाहणे क्रमप्राप्त ठरते. शिक्षणाला हातभार लावणाऱ्या बहुतेक धर्मादाय संस्था वह्या-पुस्तके वाटतात, शिष्यवृत्त्या देतात, गुणवंतांचा सत्कार करतात. हे कार्य स्तुत्यच आहे. परंतु प्रत्येक वर्गात असे एखादे मूल असते, ज्याला वही मिळाली तरी त्या वहीत त्याला लिहिता येत नाही आणि ज्याचे नाव सत्काराच्या यादीत कधीच येत नाही. अशा मुलांविषयीचे हे विवेचन आहे.

बोईसरजवळच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेतील तिसरीचा वर्ग क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. वर्गात तीस मुले आहेत. खिडकीजवळचा एक मुलगा पाच मिनिटेही जागेवर बसत नाही. बाईंचा प्रश्न पूर्ण होण्याआधीच तो उत्तर ओरडून देतो, शेजाऱ्याची पेन्सिल ओढतो आणि दिवसातून चार वेळा वर्गाबाहेर उभा राहतो. दुसऱ्या रांगेतील एका मुलीला धडा वाचायला सांगितला की तिचा घसा कोरडा पडतो. ‘घर’ ऐवजी ती ‘रघ’ लिहिते, तेच अक्षर कालचे आज तिला ओळखू येत नाही. तिची आई मात्र सांगते, “बाई, दुकानात बसली की ही तोंडी हिशेब चोख करते हो. वहीतच काही उतरत नाही.” तिसरा मुलगा कुणाकडे पाहत नाही, हाक मारली तर वळत नाही आणि मधल्या सुट्टीची घंटा वाजली की दोन्ही कानांवर हात ठेवून किंचाळतो. चौथे मूल शांत आहे, कुणाला त्रास देत नाही. पण इतर मुले शंभरापर्यंत पोहोचली तरी ते अद्याप दहापाशीच आहे. शांत असल्यामुळेच त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

हे चौघे म्हणजे कुणी विशिष्ट बालके नव्हेत. असे चित्र पालघरमध्ये, मनोरमध्ये, सफाळ्यात किंवा मुंबईतील कोणत्याही शाळेत दिसू शकेल. या मुलांना ‘मस्तीखोर’, ‘आळशी’, ‘हट्टी’ आणि ‘ढ’ अशी चार विशेषणे सहज लावली जातात. वैद्यकशास्त्र त्यांना निराळ्या नावांनी ओळखते. पहिल्याच्या बाबतीत अवधान न्यूनता व अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, याची शंका घ्यावी लागते. दुसरीच्या बाबतीत अध्ययन अक्षमता, अर्थात डिस्लेक्सिया. तिसऱ्याच्या बाबतीत स्वमग्नता, अर्थात ऑटिझम. आणि चौथ्याच्या बाबतीत बौद्धिक अक्षमता संभवते. विशेषण लावले की विषय संपतो. शंका घेतली की तपासणी सुरू होते. मुलाचे पुढील आयुष्य पुष्कळदा या दोहोंपैकी काय घडले यावर ठरते.

प्रश्नाची व्याप्ती

ही मुले अपवादात्मक आहेत, असा एक सार्वत्रिक समज आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासाने तो खोटा ठरविला. कांगडा, पलवल, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी २ ते ९ वर्षे वयाच्या मुलांची घरोघरी जाऊन पाहणी करण्यात आली. दृष्टी व श्रवणदोष, अपस्मार, वाचादोष, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अतिचंचलता, अध्ययन अक्षमता असे मेंदू व ज्ञानेंद्रियांच्या विकासाशी निगडित विकार विचारात घेतले असता, दर शंभर मुलांमागे सुमारे १२ मुलांत यांपैकी किमान एक विकार आढळला. तीस मुलांच्या वर्गात याचा अर्थ तीन किंवा चार मुले असा होतो. वर कल्पिलेला वर्ग त्यामुळे अतिशयोक्त म्हणता येणार नाही.

या विकारांची ओळखही फार प्राचीन नाही. अतिचंचल मुलांचे सविस्तर वर्णन १९०२ साली जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने केले. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘अध्ययन अक्षमता’ ही संज्ञा सॅम्युअल कर्क यांनी १९६३ मध्ये रूढ केली. म्हणजे आजच्या आजी-आजोबांच्या शालेय वयात या मुलांना योग्य नावच उपलब्ध नव्हते. त्यांच्या वर्गातही ही मुले होती. ती छड्या खात होती आणि चौथीपूर्वीच शाळा सोडत होती, इतकेच. महाराष्ट्रातील घराघरांत हा विषय पोहोचला तो २००७ च्या डिसेंबरात ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट आला तेव्हा. अनेक पालकांनी त्या दिवशी चित्रपटगृहात स्वतःच्या मुलाला प्रथमच ओळखले.

कारणांविषयी एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगणे आवश्यक आहे. हे विकार आईच्या लाडामुळे, बापाच्या दुर्लक्षामुळे किंवा कुणाच्या दोषामुळे होत नाहीत. आनुवंशिकता, अपुऱ्या दिवसांचा जन्म, अत्यल्प वजन, जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे, मेंदूज्वर अशी कारणे त्यांमागे असतात. पुष्कळदा निश्चित कारण सापडतच नाही. मातेच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, हे एके काळी परदेशातील तज्ज्ञही मानत. ते मत केव्हाच त्याज्य ठरले आहे. लसीमुळे ऑटिझम होतो, हा दावा करणारा १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तरीही घरातील सून मुकाट्याने दोष स्वीकारते आणि पाहुण्यांसमोर मूल आतल्या खोलीत ठेवले जाते. पुढे मोठ्या बहिणीच्या सोयरिकीत अडथळा येईल, हे भय त्यामागे असते. हे भय समाजाने निर्माण केलेले आहे, तेव्हा ते दूर करणेही समाजाच्याच हाती आहे.

पालघरचा वारसा

या प्रश्नाशी पालघरचे नाते दोन अर्थांनी जवळचे आहे.

पहिले नाते अलीकडचे. शून्य ते अठरा वर्षे वयाच्या बालकांची आरोग्य तपासणी करणाऱ्या ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ या देशव्यापी योजनेचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातील एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. जन्मजात व्यंगे, आजार, पोषणातील कमतरता आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील ३० स्थिती या योजनेत शोधल्या जातात. स्वमग्नता, अध्ययनातील अडचणी आणि अतिचंचलता यांचा त्यांत स्पष्ट समावेश आहे. फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा यावे, संशयित बालकाला जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी ही रचना आहे. जी योजना देशाला येथून मिळाली, तिचा लाभ येथील प्रत्येक बालकाला मिळतो की नाही, हे विचारण्याचा अधिकार येथील नागरिकांना विशेषत्वाने पोहोचतो.

दुसरे नाते जुने आणि अधिक अभिमानाचे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. पुढे हे कार्य कोसबादच्या टेकडीवर बहरले. बोर्डी आणि कोसबाद ही दोन्ही गावे आजच्या पालघर जिल्ह्यातच, डहाणू तालुक्यात आहेत. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडीची कल्पना अशी रुजली. मुले गुरे राखायला जात, म्हणून त्यांच्यामागे शाळाही कुरणात गेली, ती कुरणशाळा. शिंपले, बिया, पाने, माती ही शिक्षणाची साधने झाली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन राष्ट्राने या कार्याचा गौरव केला.

या दोन शिक्षिकांच्या कार्यातील मर्म एका वाक्यात सांगता येईल : मूल शाळेच्या साच्यात बसत नसेल, तर शाळेने आपला साचा बदलावा. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे भरलेल्या जागतिक परिषदेने समावेशक शिक्षणाचा जो जाहीरनामा काढला, त्याचेही सार हेच आहे. कोसबादच्या टेकडीवर ते त्याआधी कित्येक वर्षे आचरणात आले होते.

कायदा काय सांगतो

अनेक पालकांना असे वाटते की शाळेने आपल्या मुलाला ठेवून घेतले, हा शाळेचा उपकार आहे. वस्तुस्थिती तशी नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही आणि शारीरिक शिक्षा वा मानसिक छळ करण्यास या अधिनियमाने स्पष्ट मनाई केली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकारच्या अपंगत्वांची गणना होती. नव्या कायद्यात ती २१ झाली असून स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना त्यात स्थान मिळाले. मुलांतील अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून त्यावर उपाय योजणे, हे या कायद्याच्या कलम १६ नुसार शिक्षणसंस्थेचे कर्तव्य आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या बालकाला ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देते. अतिचंचलतेचा मात्र या २१ प्रकारांत स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे अशा मुलांना प्रमाणपत्रापेक्षा शिक्षकाच्या समजुतीचाच आधार अधिक असतो.

समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या बालकांसाठी स्वतंत्र तरतूद आहे आणि गटसाधन केंद्रामार्फत विशेष शिक्षकांचे साहाय्य मिळते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांतही विशेष शिक्षक नेमण्यासंबंधी निर्देश दिले. त्यानंतर २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा १० विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढील स्तरांवर १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण अधिसूचित झाले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. एका केंद्राच्या अखत्यारीत मात्र अनेक शाळा असतात. एक विशेष शिक्षक एका शाळेत महिन्यातून किती वेळा पोहोचू शकेल, हे गणित कुणालाही करता येईल. उरलेले सर्व दिवस ते मूल वर्गशिक्षकाच्याच हाती असते.

या प्रश्नाला आता आणखी निकड आली आहे. पूर्वी आठवीपर्यंत कुणालाही अनुत्तीर्ण केले जात नसे. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर राज्यांना तो नियम बदलण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्रात पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाल्या. पुनर्परीक्षेतही जो उत्तीर्ण होणार नाही, तो त्याच वर्गात राहील. ज्या मुलीची अध्ययन अक्षमता तिसरीत ओळखली गेली नाही, ती पाचवीत नापास होईल. लहान मुलांत बसण्याची लाज वाटून ती घरी राहील, धाकट्या भावंडांना सांभाळू लागेल आणि कुठल्याही अहवालात तिच्या शाळा सोडण्याचे खरे कारण लिहिले जाणार नाही. निदानाला झालेला विलंब असा संपूर्ण आयुष्याला पुरतो.

घाईने शिक्का नको

शंका घ्यावी, असे म्हणताना एक सावधगिरीही सांगितली पाहिजे; विशेषतः पालघर-बोईसर परिसरात. येथील पाड्यांवर वारली, कातकरी, मल्हार कोळी, कोकणा समाजांच्या बोली बोलल्या जातात. किनाऱ्यावर मांगेली आणि वाडवळी ऐकू येते. तारापूर औद्योगिक क्षेत्रामुळे उत्तर प्रदेश, बिहार, गुजरात, ओडिशा येथून आलेल्या कुटुंबांची मुलेही शेजारी-शेजारी बसतात. घरी एक भाषा आणि पाठ्यपुस्तकात दुसरी, अशा स्थितीत पहिली-दुसरीतले मूल गप्प राहिले वा अडखळले, तर तो विकार समजू नये. दोन वर्षांत चार गावे बदललेल्या कामगाराच्या मुलाला वाचन येत नसेल, तर त्याला प्रथम सलग शिक्षण मिळाले पाहिजे. तपासणी होते ती शक्यतो मुलाला अवगत असलेल्या भाषेत व्हावी, हा दंडक यासाठीच आहे. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्रही साधारणतः आठ वर्षे वय किंवा तिसरीच्या आधी दिले जात नाही.

तद्वतच आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. हाकेला न वळणाऱ्या मुलाचे कान तपासावेत. फळ्यावरचे चुकीचे उतरवणाऱ्याचे डोळे तपासावेत. मध्येच काही क्षण शून्यात पाहणाऱ्या मुलाला अपस्माराचा सौम्य प्रकार असू शकतो. ते दुर्लक्ष नव्हे. रक्तक्षय, जंत, उपाशीपोटी शाळेत येणे यांनीही मूल मंदावते. जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणाचा इतिहास ज्या जिल्ह्याला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. भीतीचाही विचार व्हावा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि कुटुंबेच्या कुटुंबे रात्री घराबाहेर झोपू लागली. अशा दिवसांत मूल दचकू लागले, चिडचिडे झाले, तर ते स्वाभाविक होय. अतिचंचलतेचे निदान करताना लक्षणे बारा वर्षांच्या आतली आहेत काय, सहा महिन्यांहून अधिक टिकली आहेत काय आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसतात काय, हे तज्ज्ञ पाहतात, त्याचे कारण हेच.

वर्गात काय करता येईल

विशेष शिक्षक येईपर्यंत वर्गशिक्षकाने हातावर हात ठेवून बसावे काय? मुळीच नाही. यातील पुष्कळ उपायांना पैसाही लागत नाही.

खिडकीजवळच्या चंचल मुलाला पहिल्या बाकावर, दार-खिडकीपासून दूर बसवावे. अर्ध्या तासाचे काम त्याला पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत द्यावे. एका वेळी एकच सूचना सांगावी. खडू आणणे, वह्या गोळा करणे, फळा पुसणे अशी कामे त्याच्याकडे सोपवावीत. मग त्याच्या हालचालीला शिक्षेऐवजी जबाबदारीचे रूप येते. तो दोन मिनिटे शांत बसला, तर त्याच क्षणी त्याचे कौतुक करावे. आठवड्याच्या शेवटी केलेले कौतुक अशा मुलापर्यंत पोहोचत नाही. काही मुलांना औषधाचा चांगला उपयोग होतो, परंतु तो निर्णय बालमानसोपचारतज्ज्ञ वा बालविकासतज्ज्ञ यांचाच असावा.

वाचता न येणाऱ्या मुलीला सर्वांसमोर उभे करून वाचायला लावू नये. अक्षर बोटाने वाळूत गिरवणे, आवाज व आकार यांची जोडी वारंवार जुळवणे, धडा आधी ऐकवणे, उत्तर तोंडी घेणे, यांनी मोठा फरक पडतो. मुंबईत शीव, केईएम व नायर या महापालिका रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. प्रमाणपत्र मिळाल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र अशा सवलती मिळतात. महाराष्ट्रात या सवलतींचा आरंभ १९९६ साली झाला. चष्मा लावून परीक्षा देणाऱ्याला जसे कुणी लबाड म्हणत नाही, तसेच या सवलतींकडे पाहिले पाहिजे.

स्वमग्न मुलाला अचानकपणाचा त्रास होतो. दिवसभर काय घडणार हे चित्रांच्या पट्टीवर त्याला सकाळीच दाखवावे. घंटा वाजण्याआधी दोन मिनिटे त्याला सूचना द्यावी. गोंगाट असह्य झाला, तर जाण्यासाठी एक शांत कोपरा असावा. ‘जरा हात आवर’ अशी लाक्षणिक भाषा टाळून साधे, थेट बोलावे. वर्गातील एखादा समंजस मित्र त्याला सोबती म्हणून द्यावा. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करावा. त्याची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी व्हावी. नाणी ओळखणे, पत्ता सांगणे, बसचा फलक वाचणे हीही विद्याच आहे.

एक साधी वही प्रत्येक शिक्षकाला उपयोगी पडेल. त्रासदायक प्रसंग घडला की तीन गोष्टी लिहाव्यात : आधी काय घडले, मूल कसे वागले आणि नंतर काय झाले. पंधरा दिवसांत त्या नोंदींतून सूत्र दिसू लागते. दर वेळी गणिताच्या तासालाच मूल गोंधळ घालत असेल आणि त्याला बाहेर काढले जात असेल, तर बाहेर जाणे हीच त्याची सुटका ठरलेली असते. शिक्षा येथे बक्षिसाचे काम करते.

घर आणि समाज

पालकांनी या वाटेवर दोन टोके टाळावीत. एक टोक नाकारण्याचे : ‘याचे वडीलही उशिराच बोलले होते.’ मूल एक वर्षाचे होऊनही नावाला प्रतिसाद देत नसेल, बोटाने वस्तू दाखवत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. सुरुवातीच्या वर्षांत वाचा उपचार व व्यवसायोपचार यांचा जो परिणाम होतो, तो पुढे तितका होत नाही. दुसरे टोक चमत्काराच्या शोधाचे. महागड्या उपचारांच्या जाहिरातींत कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी जाते. स्वमग्नतेवर मूलपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. लग्न केले की मुलगा सुधारेल, हा समजही दोन आयुष्यांची हानी करतो. त्याऐवजी युडीआयडी ओळखपत्र काढावे. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ नुसार स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक व बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. तिची माहिती घ्यावी. प्रौढपणी कायदेशीर पालकत्वाची व्यवस्थाही याच कायद्याने होते. ‘आमच्या पश्चात याचे काय?’ हा प्रश्न प्रत्येक आईच्या उशाशी असतो. त्याचे काही उत्तर तेथे मिळते.

आता समाजाकडे वळावे. पालघर, बोईसरच्या व्यापारी व उद्योजक कुटुंबांतील बहुतेक मुले आज खाजगी शाळांत जातात. परंतु ज्यांच्या हातांवर दुकाने आणि कारखाने चालतात, त्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत बसतात. कामगाराने मुलाला मुंबईच्या रुग्णालयात न्यायचे म्हणजे दोघांचे रेल्वे भाडे आणि दिवसाची बुडालेली मजुरी. अशा एकाच नव्हे, तर तीन-चार फेऱ्या होतात. दुसऱ्या फेरीनंतर बहुसंख्य पालक जाणे सोडून देतात आणि निदान अर्धवट राहते. मोठ्या इमारतींसाठी निधी उभारणाऱ्या समाजाला ही चार फेऱ्यांची तजवीज जड नाही. मालकाने कामगाराला त्या दिवसाची भरपगारी रजा दिली, तरी एक मूल वाचते.

संस्थांना करण्याजोगी कामे अनेक आहेत. महिन्यातून ठरलेल्या दिवशी वाचा उपचारतज्ज्ञ व समुपदेशक यांना बोईसरला आणता येईल. जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांसाठी दरवर्षी दोन दिवसांचे प्रशिक्षण योजिता येईल. ठाण्यातील मानसिक आरोग्यासाठी १९९० पासून कार्य करणारी आयपीएच आणि मुंबईत २००१ पासून बालविकासाचे काम करणारी उमेद यांसारख्या अनुभवी संस्थांचे मार्गदर्शन त्यासाठी घेता येईल. पालकांचा एक मंडळगट स्थापता येईल, जेथे आईला रडता येईल आणि पुढच्या वर्षी आलेल्या नव्या आईला तीच धीर देईल. कारखान्यांत, गोदामांत, दुकानांत प्रौढ झालेल्या या मुलांना झेपेल असे काम देता येईल. मोजणे, बांधणी, चिठ्ठ्या लावणे यांत काटेकोरपणा लागतो, आणि तो गुण यांपैकी कित्येकांत असतो.

आणखी एक सूचना अल्पखर्चाची आहे. दरवर्षी होणाऱ्या गुणगौरव समारंभात नव्वद टक्क्यांच्या मुलाबरोबर अध्ययन अक्षमतेशी झुंज देऊन अठ्ठेचाळीस टक्के मिळविणाऱ्या मुलीचाही सत्कार व्हावा. तिची आणि तिच्या पालकांची इच्छा असेल तरच. व्यासपीठावर ती एकदा चढली, की सभागृहातील आणखी दहा घरांत आतल्या खोलीचे दार उघडेल.

पुन्हा एकदा त्या तिसरीच्या वर्गात जावे. खिडकीजवळचा मुलगा पहिल्या बाकावर आला आहे आणि वह्या वाटत आहे. दुसऱ्या रांगेतील मुलगी बाईंच्या टेबलाजवळ उभी राहून तोंडी उत्तर देते आहे. तिसऱ्याने चित्रांची पट्टी पाहून घंटेआधीच कानांवर हात ठेवले आहेत. पण आज तो किंचाळला नाही. आणि ते चौथे शांत मूल अकरापर्यंत मोजून बाईंकडे पाहत आहे. ही मुले बरी झालेली नाहीत. बहुतेक जण हा स्वभावधर्म घेऊनच मोठे होतील. परंतु ती शाळेत आहेत, आणि त्यांना ओळखणारे एक तरी माणूस त्या वर्गात आहे.

ताराबाई आणि अनुताईंनी ज्या मातीत शाळा मुलाच्या दारी नेली, त्या मातीतील समाजाला हे कार्य परके वाटू नये. पुढील पन्नास वर्षांच्या संकल्पांत मागच्या बाकावरच्या मुलासाठी एक ओळ लिहिली गेली, तर या सुवर्णमहोत्सवाचे सार्थक होईल.